आंबट गोळ्या

(ग्वाल्हेर, २४ ऑक्टोबर १९५६. कंपू भागातली एक लहानशी सरकारी प्रयोगशाळा. डॉ. शरयू आणि चपराशी संभाजीराव सामान बांधताहेत. सकाळचे दहा वाजून गेलेत.)

शरयू : अहो हळू, संभाजीराव! काचेच्या नळ्या आहेत त्या, तोफेचे गोळे नाहीत. खाली गवत घाला अजून. भोपाळपर्यंत धड पोचायला हव्यात.

संभाजीराव : घालतो, बाईसाहेब.

शरयू : घालतो काय? एकाच नळीला तिसऱ्यांदा गुंडाळताय. तब्येत बरी आहे ना?

संभाजीराव : तब्येतीला काही धाड नाही झाली.

शरयू : मग सकाळपासून तोंड का पाडलंय? लोक एक तारखेपासून होणाऱ्या नव्या राज्याच्या नोकरांच्या यादीत नाव लागलं म्हणून पेढे वाटताहेत. तुमचं तर पहिल्या झटक्यात लागलं.

संभाजीराव : तेच तर. माझं लागलं.

शरयू : म्हणजे?

संभाजीराव : एक गुन्हा सांगायचाय. मी उभाच बरा. तुम्ही मात्र बसून घ्या.

शरयू : नाटकं नकोत सकाळी सकाळी. काय फोडलंत? मोठा चंबू?

संभाजीराव : काच नाही फोडली. ते आपले गोळीवाले होते ना, चोवीस जण. रोज नऊच्या ठोक्याला यायचे, व्हरांड्यात ओळीनं बसायचे, मी गोळी द्यायचो, वर पाणी द्यायचो.

शरयू : हो. दीड महिना. एक दिवस तुम्ही खाडा केला नाहीत, त्याचं कौतुक रिपोर्टात लिहिलंय मी.

संभाजीराव : ते खोडून टाका.

शरयू : का?

संभाजीराव : तुमचा हुकूम काय होता? विषम नंबराला लाल चिठ्ठीच्या बाटलीतली, सम नंबराला निळ्या चिठ्ठीच्या. एक सोडून एक. पहिले चार दिवस बिलकुल तसंच केलं. मग नाही केलं.

शरयू : मग काय केलंत?

संभाजीराव : पाळी लावली. आज लाल ह्यांना, उद्या लाल त्यांना. शेवटपर्यंत.

शरयू : परत सांगा.

संभाजीराव : चोवीसच्या चोवीस जणांना दोन्ही गोळ्या मिळाल्या, बाईसाहेब. बराबर बराबर.

शरयू : संभाजीराव, तुम्हाला कळतंय का काय बोलताय? बारा जणांना व्हिटॅमिन सी द्यायचं, बारा जणांना साखर नि खडूची नुसती गोळी. मग रक्त काढून बघायचं की कुणाच्या रक्तात सी वाढलं. चांगल्या धडधाकट माणसाला ह्या गोळीचा उपयोग होतो की नाही, एवढा एकच प्रश्न होता माझा. दोन गट वेगळे राहिले तर उत्तर. ते तुम्ही खिचडी करून टाकलेत!

संभाजीराव : होय.

शरयू : होय काय म्हणता? आणि तुम्हाला कळलं कसं कुठे काय आहे? मी मुद्दाम सांगितलं नव्हतं!

संभाजीराव : चौथ्या दिवशी चाखून पाहिली. लाल चांगली आंबटढाण. निळी फिक्कट गोड.

शरयू : चाखून पाहिली!

संभाजीराव : पलटणीच्या लंगरात वीस वर्षं काढली. न चाखता कुणाच्या पुढ्यात काही ठेवलं नाही आजवर.

शरयू : निळीत थोडं लिंबूसत्त्व घालायला हवं होतं. गोळ्या करणाऱ्याला मी सांगायला विसरले. बरं, तो दोष माझा. पण चाखलीत तर चाखलीत, बदललीत कशाला?

संभाजीराव : माणसं तुम्ही एका ओळीत बसवली होतीत. मांडीला मांडी लावून. एकाच्या हातावर औषध ठेवायचं आणि शेजारच्याच्या हातावर खडू? एका पंगतीत एकाच्या पानावर तूप नि दुसऱ्याचं पान कोरडं, असं आमच्याकडे कुणी वाढलं तर त्याला पंगतीतून उठवतात. लंगरात पहिल्याच दिवशी उस्तादानं कान पिळला होता माझा. म्हणाला, वाढताना माणसाचं तोंड बघितलंस तर पळी हिसकून घेईन.

शरयू : ती पंगत नव्हती हो! तो प्रयोग होता!

संभाजीराव : तुमच्यासाठी. तो मल्हारराव, टपालवाला. गोळी घेतली की आधी कपाळाला लावायचा. मला म्हणायचा, "संभाजीराव, पहले से ताकत लग रही है." आणि तो सम नंबरचा. निळ्या बाटलीचा. त्याच्या हातावर खडू ठेवायचा म्हणजे माझ्याच्यानं त्याच्याकडे बघवेना.

शरयू : मग मला येऊन सांगायचं.

संभाजीराव : तुम्ही थांबवलं असतंत.

शरयू : अर्थात थांबवलं असतं!

संभाजीराव : म्हणून नाही सांगितलं.

शरयू : काय म्हणावं तुम्हाला! म्हणून दोन्हीकडचं रक्त वाढलं. लाल गटाचं सी वाढलं, निळ्याचंही तितकंच. आणि मी डोकं खाजवत बसले, की खडू खाऊन माणसाच्या रक्तात सी येतं कुठून? शेवटी लिहिलं काय, तर जामफळं, पेरू! ऑगस्टात बाजारात जामफळं आली, सगळ्यांनी खाल्ली, म्हणून सगळ्यांचं वाढलं, गोळीचा काही संबंध नाही. सात पानं लिहिली हो मी जामफळांवर. रिपोर्ट जाऊन चौदा दिवस झाले!

संभाजीराव : रिपोर्टाचं मला कळत नाही, बाईसाहेब. मी त्यासाठी नाही बोललो. मी वनमालाबाईंसाठी बोललो. त्यांची इथली नोकरी गेली.

शरयू : तिचं काय?

संभाजीराव : काल नया बाजारात गेलो होतो. एका दुकानाच्या पायरीवर बसून बिंदीच्या टिकल्या कागदावर चिकटवत होत्या. शंभर कागदांचे काही आणे मिळतात. मी तोंड चुकवून निघालो होतो, त्यांनीच हाक मारली. "काका, भोपाळला कधी निघता?" हसून विचारलं. मग म्हणाल्या, "माझ्या हातालाच काही तरी दोष आहे, काका. बाई उगाच नाही बोलल्या."

शरयू : असं म्हणाली?

संभाजीराव : इंटर सायन्स झालेली पोर. इथे रक्त तपासताना नळीत थेंब थेंब निळा रंग सोडायची, जरा गुलाबी टिकला की हात जागच्या जागी थांबायचा. वीस वर्षांत एवढा शांत हात नाही पाहिला मी, बंदूकवाल्याचासुद्धा नाही. आणि चौथ्या आठवड्यात दोन्हीकडचे आकडे वाढलेले दिसले, तेव्हा तुम्ही काय बोललात?

शरयू : ठाऊक आहे मला काय बोलले ते.

संभाजीराव : चोवीस माणसांच्या देखत बोललात. "नळ्या धुतेस की नुसत्या विसळतेस? दोन बाटल्यांतलं रक्त वेगळं ठेवता येत नाही तर घरी बसून कुरडया घाल." त्या रडल्या नाहीत. मान खाली घालून सगळ्या नळ्या परत धुवायला बसल्या. मी पाण्याची बादली आणून दिली. तोंड उघडायची वेळ तीच होती, बाईसाहेब. मी बादली ठेवली आणि बाहेर जाऊन उभा राहिलो.

शरयू : का?

संभाजीराव : भ्यालो. अठ्ठेचाळीसनंतर आमची पलटण मोठ्या फौजेत मिळवली, तेव्हा अशाच याद्या लागल्या होत्या. माझं नाव नव्हतं. वय जास्त म्हणून घरी पाठवलं. चार वर्षं भावाच्या घरी खाल्लं मी. तुम्ही इथे ठेवून घेतलंत. आता परत यादी, परत नवं राज्य. मला वाटलं, गोळ्यांचं बाहेर आलं तर ह्या वयात कुठे जाऊ? त्या तरुण आहेत, त्यांचं निभेल. असा हिसाब केला मी. लढाईत कधी पाठ दाखवली नाही, आणि एका पोरीच्या आडोशाला लपलो. लाज वाटते म्हणायचीसुद्धा लाज वाटते.

शरयू : बसा.

संभाजीराव : उभा बरा.

शरयू : बसा म्हणते ना. ती खोकी सरकवा आणि बसा.

संभाजीराव : बसलो. आता एक विचारू? तुम्हाला राग येईल.

शरयू : विचारा. आज रागवायचा अधिकार कुणाला आहे ते बघतेच आहे मी.

संभाजीराव : दोन तारखेला गांधीजयंतीची सुटी होती. तुम्ही मला कुलूप उघडायला लावलंत. आठ जणांना बोलावून रक्त काढलंत आणि सगळं स्वतःच्या हातानं तपासलंत. तुम्ही आकडे बोलत होता, मी पाटीवर मांडत होतो. मग वनमालाबाईंची वही काढून ताडून पाहिलीत.

शरयू : हो.

संभाजीराव : मला इंग्रजी आकडे येतात, बाईसाहेब. दोन्हीकडे तेच होते.

शरयू : तेच होते. एकदोन ठिकाणी केसाचा फरक.

संभाजीराव : म्हणजे त्या चुकल्या नव्हत्या, हे तुम्हाला त्याच दिवशी कळलं.

शरयू : त्याच मिनिटाला कळलं.

संभाजीराव : वही मिटलीत आणि मला म्हणालात, "संभाजीराव, चहा नको आज." मी समजलो, आता त्या पोरीला परत बोलावतील. मी वाट पाहिली. दसरा गेला. आता दिवाळी आली.

शरयू : यादी आधीच गेली होती. पंचवीस सप्टेंबरला. तिच्या नावापुढे मीच शेरा मारला होता, "कामात हयगय, भरवशाची नाही." तो परत घ्यायचा म्हणजे वरती कारण द्यायचं. काय देऊ? की मी न तपासता एका मुलीला बदनाम केलं? भोपाळला माझ्या जागेवर जबलपूरचे दोघे डोळा ठेवून आहेत. दोघे पुरुष, दोघे माझ्यापेक्षा जुने. बाईमाणूस आहे, डोकं फिरलं की काहीही लिहिते, एवढं म्हणायला त्यांना पुरलं असतं. रोज सकाळी ठरवायची, आज पत्र लिहीन. रोज संध्याकाळी वाटायचं, उद्या. मग रिपोर्ट लिहायला घेतला, त्यात जीव रमवला. कळलं आता जामफळांवर सात पानं का लिहिली ते?

संभाजीराव : मला वाटलं होतं, भित्रा मी एकटाच आहे.

शरयू : नाही हो. मी तर शिकलेली भित्री. आम्ही त्याला कारणं जोडतो.

संभाजीराव : मग आता?

शरयू : आता पत्र. ती दौत बांधली की काय तुम्ही?

संभाजीराव : तुमच्या उजव्या हाताला आहे. पण एक अर्ज करतो, ऐकून घ्या. सगळं माझ्यावर घाला. चपराशानं गोळ्यांची अदलाबदल केली, त्यानं आज कबूल केलं, आज बाईंना खरी गोष्ट समजली, बाईंनी आजच्या आज शेरा परत घेतला. ह्यात तुमचा दोष कुठे दिसतो? उलट लोक म्हणतील, बाई न्यायी आहे.

शरयू : आणि तुमचं काय होईल?

संभाजीराव : माझं जे व्हायचं ते होईल. केलं मीच आहे ना. दोन तारखेचं फक्त आपल्या दोघांना ठाऊक आहे, आणि मी काही बोलणारा नाही.

शरयू : बरे सुचतात तुम्हाला डावपेच.

संभाजीराव : डावपेच नाही. तुम्ही भोपाळला गेलात तरच त्या पोरीला आत घेणारं कुणी असेल. जबलपूरवाले तिला कशाला विचारतील?

शरयू : हे मात्र खरं आहे.

संभाजीराव : मग लिहा.

शरयू : "आज, दिनांक चोवीस रोजी, आमच्या चपराशाच्या जबाबावरून असे आढळून आले की..." तुम्हाला वाचून दाखवते पुढचं. "...कु. वनमाला यांनी नोंदवलेले आकडे संपूर्णपणे अचूक होते. त्यांच्याविषयी मी दिलेला शेरा चुकीच्या माहितीवर आधारलेला असून तो मी परत घेत आहे. प्रयोगाचा रिपोर्टही रद्द समजावा." बरोबर?

संभाजीराव : फर्स्ट क्लास. आता शांतपणे सही करा. आणि बाईसाहेब, एक राहिलं. मी त्यांना काल सांगून आलोय, आज अकराला या म्हणून.

शरयू : कुणाला? वनमालाला? मला न विचारता?

संभाजीराव : विचारलं असतं तर मीच आज बोललो नसतो. असा कच्चा आहे मी. म्हटलं, आधी तिला बोलावून ठेवावं, म्हणजे मागे फिरता येणार नाही.

शरयू : अकराला किती कमी आहेत?

संभाजीराव : पायऱ्यांवर चपला वाजल्या. त्याच असतील.

वनमाला : येऊ का, बाई? काका म्हणाले, काही काम आहे. माझा ॲप्रन राहिलाय का इथे? मी धुऊन द्यायला विसरले होते.

शरयू : ॲप्रनचं नाही. ये, आत ये. बस.

वनमाला : अरे बाप रे, सगळी लॅब खोक्यात गेली! कित्ती मोठी दिसते खोली. उभी राहते ना, खुर्च्या तर तुम्ही बांधल्या.

संभाजीराव : ह्या खोक्यावर बसा. आणि वनमालाबाई, आधी माझं ऐका. गोळ्या मी बदलल्या होत्या. रोज पाळीनं सगळ्यांना दोन्ही दिल्या. म्हणून दोन्हीकडचं रक्त वाढलं. तुमचा दोष नव्हता. तुम्ही नळ्या धुवत बसलात तेव्हा मला ठाऊक होतं, आणि मी गप्प राहिलो.

वनमाला : काका, तुम्ही?

संभाजीराव : मी. तुम्ही मला काका म्हणता आणि मी हे केलं.

वनमाला : पण मी तर... एक मिनिट. मतलब मेरे नंबर सही थे?

शरयू : बरोबर होते.

वनमाला : सगळे? चौथ्या आठवड्याचेसुद्धा?

शरयू : सगळे, वनमाला.

वनमाला : देवा! मी घरी आईला सांगितलंय की माझंच चुकलं. ती म्हणे, तू तर लहानपणापासून चोख, असं कसं होईल? मी तिच्यावर ओरडले. म्हटलं, बाई एवढ्या शिकलेल्या, त्या काय खोटं बोलतील? आताशा मी आमटीत मीठ घातलं की परत चाखते, परत चाखते, भरवसाच वाटत नाही हाताचा. काका, तुमचा राग यायला हवा मला. येईल नंतर. अभी तो कुछ समझ में नहीं आ रहा.

संभाजीराव : येऊ दे. मी कुठे जात नाही.

शरयू : हे पत्र वाच. आज दुपारच्या डाकेनं जाईल. शेरा परत घेतलाय. भोपाळच्या यादीत तुझं नाव घालावं म्हणून वेगळी चिठ्ठी जोडते. लागेलच असं वचन नाही देत, पण मी पाठ सोडणार नाही.

वनमाला : "संपूर्णपणे अचूक." असं लिहिलंत तुम्ही? माझ्यासाठी?

शरयू : जे खरं ते लिहिलं.

वनमाला : बाई, दुसरं कुणी असतं ना, तर गप्प बसलं असतं. एका टेंपररी मुलीसाठी कोण एवढा रिपोर्ट रद्द करतं? तुम्हाला आज सकाळी कळलं, आणि एका तासात तुम्ही सही करून मोकळ्या झालात. मी आईला हेच सांगणार आहे. मी म्हणतच होते तिला, बाई मनाच्या मोठ्या आहेत, रागावल्या तरी.

संभाजीराव : हो. तसंच सांगा आईला. चला, मी तुम्हाला दौलतगंजापर्यंत सोडतो, वाटेत मला काय ते बोलून घ्या.

शरयू : थांबा, संभाजीराव.

संभाजीराव : बाईसाहेब, डाक निघून जाईल.

शरयू : जाऊ दे. वनमाला, ते पत्र दे इकडे. परत लिहावं लागेल.

वनमाला : का? काही चुकलंय?

शरयू : पहिली ओळ. "आज आढळून आले" म्हणून लिहिलंय मी.

वनमाला : मग? आजच तर काकांनी सांगितलं ना?

शरयू : गोळ्यांचं आज सांगितलं. तुझे आकडे बरोबर आहेत हे मला दोन तारखेला कळलं होतं. मी स्वतः तपासले होते, तुझी वही समोर ठेवून. आज बावीस दिवस झाले.

वनमाला : दोन तारखेला? नाही बाई, असं कसं होईल? दसऱ्याला मी तुमच्या घरी आले होते. सोनं दिलं, तुमच्या पाया पडले, माफी मागितली तुमची, की माझ्यामुळे तुमचं काम बिघडलं.

शरयू : हो. तेव्हा मला माहीत होतं. आणि मी तुझ्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं, "असू दे, होतं असं."